खाऱ्या पाण्यातलं मिश्र सिमेंट आणि अठ्ठावीस दिवसांचा हट्ट

समुद्रातल्या कामासाठी मिश्र सिमेंट सुचवलं की बैठकीत कुणाच्या तरी भुवया हमखास उंचावतात. "राख? समुद्रात?" राख म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या धुरातून पकडलेली फ्लाय अ‍ॅश, आणि तिच्या जोडीला लोखंडाच्या झोतभट्टीतून निघणारी मळी, म्हणजे स्लॅग. दोन्ही कारखान्यांच्या टाकाऊ वस्तू. हा माल घालून कंपनीने सिमेंट स्वस्तात पाडलं, एवढंच अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दुसऱ्या टोकाला वेगळी मंडळी असतात: पर्यावरणाला चांगलं आहे ना, मग घाला साठ टक्के, वेळापत्रक मात्र जुनंच राहू द्या.

काँक्रीटच्या टिकाऊपणाच्या चाचण्या करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि मला पहिल्या गटापेक्षा दुसऱ्या गटाची धास्ती जास्त वाटते. शंका घेणाऱ्याला आकडे दाखवून पटवता येतं. घाई करणाऱ्याने बांधलेलं काम मात्र दहा-पंधरा वर्षांनी गाभ्यांच्या, म्हणजे काँक्रीटमधून पोखरून काढलेल्या दंडगोल नमुन्यांच्या, रूपात माझ्या टेबलावर येतं, आणि तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

समुद्र नेमकं काय बिघडवतो, इथून सुरुवात करायला हवी. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या आसपास, सल्फेट सुमारे २.७ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सुमारे १.३ ग्रॅम. एवढं सल्फेट जमिनीतल्या पाण्यात सापडलं असतं तर आम्ही धोक्याची घंटा वाजवली असती. सल्फेटमुळे काँक्रीटच्या आत एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक वाढतात आणि काँक्रीट फुगून तडकतं. समुद्रात मात्र अपेक्षेइतकी फूग दिसत नाही, कारण क्लोराइडच्या संगतीत एट्रिंगाइट जास्त विरघळतं आणि फुगण्याऐवजी बरंचसं झिरपून जातं. मॅग्नेशियमचा एक भाग पृष्ठभागावर ब्रुसाइट नावाचं खनिज होऊन बसतो, पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेटचा थर धरतो, आणि चांगल्या घट्ट काँक्रीटवर या दोघांची एक पातळ खनिज साय तयार होते. ही साय पुढच्या हल्ल्याला बऱ्यापैकी अडवते. थोडक्यात, नीट केलेल्या काँक्रीटला समुद्राकडून फार मोठं भय नाही. भय आहे ते आतल्या सळईला.

काँक्रीटच्या छिद्रांतलं पाणी कमालीचं अल्कधर्मी असतं, पीएच १२.५ ते १३.५ च्या घरात. त्या वातावरणात सळईवर काही नॅनोमीटर जाडीचं ऑक्साइडचं कवच धरतं आणि ते टिकून आहे तोवर सळई गंजत नाही. क्लोराइड तिथवर पोहोचलं आणि पुरेसं साठलं की हे कवच जागोजागी फुटतं. मग ओलावा आणि प्राणवायू मिळाला की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, त्यामुळे वरचं काँक्रीट उकलतं, तुकडे पडतात, आणि खारं पाणी थेट सळईला भिडतं. म्हणूनच कायम पाण्याखाली असलेल्या पाइलपेक्षा (तळात रोवलेल्या खांबापेक्षा) लाटांचे शिंतोडे उडणारा पट्टा आधी खराब होतो. तिथे काँक्रीट भिजतं, वाळतं, पुन्हा भिजतं. दर वेळी मीठ मागे राहून साठत जातं आणि प्राणवायूला तर तोटाच नसतो.

म्हणजे सगळा प्रश्न एकाच गोष्टीवर येऊन ठेपतो: क्लोराइडला पृष्ठभागापासून सळईपर्यंत पोहोचायला किती वर्षं लागतात? राख आणि स्लॅग यांची खरी कामगिरी इथे आहे.

साध्या पोर्टलंड सिमेंटमध्ये पाणी घातलं की दोन मुख्य पदार्थ तयार होतात. एक, ताकद देणारं कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचं जेल. दुसरा, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुनाच. घट्ट झालेल्या सिमेंटचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा या चुन्याने व्यापलेला असतो आणि ताकदीत त्याचा वाटा नगण्य. राखेतली काचेसारखी सिलिका याच चुन्याला धरते आणि त्यातून आणखी जेल बनवते. स्लॅगमध्ये कॅल्शियम मुळातच असतं. त्याला चेतवायला थोडा अल्कधर्मीपणा पुरतो. दोन्हीकडे नवं जेल अगदी मोक्याच्या जागी भरतं, जुन्या छिद्रांच्या आत. छिद्रांचं एकूण आकारमान फारसं घटत नाही, हे लोकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. घटते ती त्यांची एकमेकांशी असलेली जोडणी. गल्ल्या तेवढ्याच राहतात, पण त्यातल्या बहुतेक बोळ बंद होतात आणि क्लोराइडला फिरून फिरून वाट शोधावी लागते.

याला दोन गोष्टींची जोड मिळते. स्लॅग आणि राखेतलं अ‍ॅल्युमिना क्लोराइडला फ्रीडेल क्षाराच्या रूपात बांधून ठेवतं, त्यामुळे मोकळं, पुढे सरकणारं क्लोराइड कमी उरतं. आणि काँक्रीटचा विद्युतरोध कित्येक पटींनी वाढतो, म्हणून गंज सुरू झालाच तरी त्याचा वेग मंद राहतो. एक बाजू उलटीही आहे. चुना खर्च झाल्याने छिद्रजलाचा पीएच थोडा उतरतो आणि सळईचं कवच जरा कमी क्लोराइडला फुटू शकतं. पण क्लोराइड येण्याचाच वेग इतका पडलेला असतो की समुद्रकामात हिशेब बहुतेक वेळा फायद्याचाच राहतो.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर गाभा फोडून बघावा. कापायचा नाही, फोडायचा. करवतीचं पाणी क्लोराइड धुऊन नेतं आणि चित्र फसवं होतं. स्लॅगचं प्रमाण जास्त असलेला गाभा उभा फोडला की आतला ताजा भाग गडद निळसर-हिरवा निघतो, पहिल्यांदा बघणारा दचकतो. कधी गंधकाचा हलका वासही येतो. स्लॅगमधल्या सल्फाइडमुळे हे होतं, हवा लागली की रंग ओसरत जातो आणि काँक्रीटला त्याचा काही अपाय नसतो. त्या ताज्या भागावर सिल्व्हर नायट्रेटचं ०.१ नॉर्मल द्रावण फवारायचं. थोडा वेळ थांबलं की क्लोराइड शिरलेला पट्टा रुपेरी-पांढरा पडतो आणि न शिरलेला भाग तपकिरी होतो. दोन्हींमधली रेषा सरळ नसते. खडीच्या तुकड्याला वळसा घालत ती मागे-पुढे होते, म्हणून ठरावीक अंतरावर बऱ्याच ठिकाणी माप घ्यायचं आणि मोठी खडी आडवी आलेली जागा सोडून द्यायची. सारख्याच वयाचे, एकाच पट्ट्यातले दोन गाभे, एक साध्या सिमेंटचा आणि एक स्लॅगचा, शेजारी ठेवून हे केलं की कुठल्याही आलेखाची गरज उरत नाही. साध्या गाभ्यात पांढरा रंग सळईच्या ठशापर्यंत गेलेला असतो, आणि दुसऱ्यात तो कातडीपाशीच थबकलेला. अचूक आकडे हवे असतील तर पृष्ठभागापासून एकेक मिलिमीटरचा थर घासून भुकटी जमवायची आणि प्रत्येक थरातलं क्लोराइड मोजायचं. कंटाळवाणं काम आहे, पण निर्णय त्याच आकड्यांवर घ्यावा.

ही कल्पना काही आजची नाही. रोमन लोकांनी नेपल्सच्या आखातातली ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून समुद्रात बंदरं बांधली. ही राख पाण्याखालीही घट्ट होते, असं रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं. 'पोझोलाना' हे नाव तिथल्याच पोझ्झुओली गावावरून आलं. अभियंता जॉन स्मीटनने १७५९ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर खडकावर एडिस्टनचा दीपस्तंभ पुरा केला, तेव्हा त्याच्या चुन्यात इटलीतून आणलेली पोझोलाना होती. पुढे त्या दीपस्तंभाचा वरचा भाग उतरवून घ्यावा लागला, पण ते खालचा खडक झिजत होता म्हणून. १८६२ मध्ये एमिल लांगेनने जर्मनीत दाखवून दिलं की झोतभट्टीची वितळलेली मळी झटकन थंड केली तर तिच्यात सिमेंटसारखे गुण येतात. नेदरलँड्समध्ये समुद्रकामांसाठी स्लॅग सिमेंट हीच अनेक दशकं सरळसरळ पहिली निवड राहिली आहे; तिथे प्रचलित असलेल्या प्रकारात स्लॅगचं प्रमाण ६६ ते ८० टक्के असू शकतं. १९८६ मध्ये खुल्या झालेल्या ऑस्टरस्केल्डच्या वादळरोधक धरणाचे ६५ महाकाय खांब स्लॅग सिमेंटचे आहेत, आणि ते २०० वर्षं टिकावं या हिशेबाने आखलं गेलं.

रोमन काँक्रीटचं उदाहरण मात्र जपून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दर थोड्या दिवसांनी "रोमन काँक्रीट दोन हजार वर्षं टिकलं, आजचं पन्नास वर्षांत का पडतं?" असा मजकूर फिरत येतो. त्या जुन्या धक्क्यांमध्ये समुद्राचं पाणी झिरपून अ‍ॅल्युमिनियमयुक्त टोबरमोराइट आणि फिलिप्साइट ही खनिजं वाढली, हे खरं आहे आणि अभ्यासण्याजोगंही आहे. पण त्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती. क्लोराइडने बिघडवण्यासारखं आत काही नव्हतंच. आपला प्रश्न सळईचा आहे, त्यामुळे रोमन धक्क्यावरून आजच्या जेट्टीचं आयुष्य काढता येत नाही.

आणखी एक समज मला वारंवार खोडावा लागतो. समुद्रात सल्फेट आहे, मग सल्फेटरोधक सिमेंट वापरा! ऐकायला बरोबर वाटतं. सल्फेटरोधक सिमेंटमध्ये ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कारण सल्फेट त्यालाच धरतं. पण क्लोराइडला बांधून ठेवणाराही तोच घटक. तो काढून टाकला की क्लोराइड मोकाट सुटतं आणि सळईकडे लवकर पोहोचतं. समुद्रात सल्फेटचा त्रास कमी आणि क्लोराइडचा जास्त, म्हणजे कमी धोक्यापासून वाचण्यासाठी आपण मोठ्या धोक्याला दार उघडून देतो. स्लॅग किंवा राख योग्य प्रमाणात घातली तर दोन्ही बाजू सांभाळल्या जातात: काँक्रीट घट्ट होतं, चुना कमी होतो आणि अ‍ॅल्युमिना क्लोराइडही बांधतं. हा मुद्दा लक्षात न घेता काढलेल्या निविदा अजूनही बघायला मिळतात, आणि दर वेळी मी तेच पत्र नव्याने लिहिते.

आता अठ्ठावीस दिवसांकडे येते. माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे.

काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी बघायची ही सवय साध्या सिमेंटसाठी ठीक होती. राखेची प्रक्रिया तेव्हा कुठे रंगात येत असते. २८ दिवसांच्या वयाला राखेच्या काँक्रीटची क्लोराइड चाचणी केली तर आकडा कित्येकदा साध्या काँक्रीटइतकाच येतो, कधी त्याहून वाईट. मग कुणीतरी म्हणतं, बघा, काही फायदा नाही. तेच काँक्रीट ओलं ठेवून ९० किंवा १८० दिवसांनी तपासलं तर ओळखू येत नाही. 'लाइफ-३६५' या आयुष्य मोजणाऱ्या प्रारूपात हा फरक एका घातांकाने धरतात. तो जितका मोठा, तितका क्लोराइडचा शिरकाव वयाबरोबर जास्त मंदावतो: साध्या सिमेंटसाठी ०.२, आणि राख ३० टक्के असेल तर ०.४४. या घातांकाने हिशेब केला तर २८ दिवसांपासून १० वर्षांपर्यंत साध्या काँक्रीटमधला क्लोराइडच्या विसरणाचा, म्हणजे आत पसरत जाण्याचा, दर मूळच्या सुमारे ३८ टक्क्यांवर येतो, आणि राखेच्या काँक्रीटमधला सुमारे १२ टक्क्यांवर. सुरुवात सारखी धरली तरी दहा वर्षांनी तिपटीचा फरक. २८ दिवसांच्या कागदावर तो कुठेच दिसत नाही.

हा फरक प्रारूपापुरताच नाही. टेम्सच्या मुखाशी शूबरीनेसला भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राखेच्या काँक्रीटचे ठोकळे दहा वर्षं ठेवून तपासले गेले. वर्षं गेली तसा साध्या आणि राखेच्या काँक्रीटमधला फरक वाढतच गेला. अमेरिकेतल्या मेन राज्यात ट्रीट आयलंडला १९३६ पासून काँक्रीटचे ठोकळे समुद्रात उघडे ठेवले जातात. तिथे भरती-ओहोटीतला फरक सुमारे ६ मीटरचा, आणि एका हिवाळ्यात गोठण्या-वितळण्याची शंभराहून जास्त आवर्तनं. कॅनडाच्या संशोधकांनी १९७८ पासून तिथे राख आणि स्लॅगचे ठोकळे ठेवायला घेतले. पंचवीस वर्षांनी जे दिसलं ते मला फार मोलाचं वाटतं, कारण ते एका बाजूचं नाही. स्लॅग किंवा राख जास्त असलेल्या ठोकळ्यांचा पृष्ठभाग जास्त सोलला गेला होता. क्लोराइड मात्र त्यांत खूपच कमी शिरलं होतं. थंडीत पाणी गोठतं अशा किनाऱ्यावर प्रमाण ठरवताना या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर हव्यात आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर कमी हवंच. जिथे पाणी कधी गोठत नाही तिथे सोलण्याची चिंता सोडून देता येते.

चाचण्यांबद्दलही एक सावधगिरी. एएसटीएम सी १२०२ ही अमेरिकी मानकातली चाचणी सगळीकडे मागतात: ५० मिलिमीटर जाडीची काँक्रीटची चकती, एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला सोडियम हायड्रॉक्साइड, ६० व्होल्ट, ६ तास, आणि किती कूलंब वीजभार गेला ते बघायचं. १००० च्या आत आला की कागदावर 'अतिशय कमी' असं लिहिता येतं. पण ही चाचणी क्लोराइड मोजत नाही, वीज मोजते. सिलिका फ्यूम (सिलिकाची अतिशय बारीक भुकटी) किंवा राखेमुळे छिद्रजलातले आयनच कमी झालेले असतात, त्यामुळे आकडा जरा जास्तच छान दिसतो. रोजच्या देखरेखीसाठी ती उत्तम. आयुष्याचा हिशेब करायचा असेल तर मीठपाण्यात नमुना बुडवून थरांमागून थर तपासणारी विसरण चाचणीच करावी, वेळ लागला तरी.

आणि यातलं काहीही क्युअरिंगशिवाय, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पिकवल्याशिवाय, हाती लागत नाही. प्रयोगशाळेतला क्यूब, म्हणजे ताकद तपासायचा ठोकळा, टाकीत बुडवून ठेवलेला असतो. प्रत्यक्ष कामावरच्या काँक्रीटचा सर्वांत आधी वाळणारा भाग कोणता? बाहेरचे चाळीस-पन्नास मिलिमीटर, म्हणजे कव्हर. सळई आणि समुद्र यांच्यामधली एकमेव भिंत तीच. पाणी उडालं की राखेची प्रक्रिया जागच्या जागी थांबते, आणि तिथे उरतं ते निम्मं सिमेंट काढून घेतलेलं, सच्छिद्र काँक्रीट. साध्या सिमेंटचं क्युअरिंग चुकलं तर नुकसान होतं. मिश्र सिमेंटचं चुकलं तर नेमक्या त्याच पट्ट्यात दुप्पट नुकसान होतं, कारण सगळा भरवसा उशिरा येणाऱ्या जेलवर ठेवलेला असतो. एका कामाच्या गाभ्यांमध्ये मी हे अगदी उघड पाहिलं. क्यूबचे आकडे एकदम चोख, मिश्रणाचा कागद आदर्श. गाभ्याचा आतला भाग घट्ट, निळसर-हिरवा. बाहेरचा बोटभर थर फिका, नखाने खरवडला तर भुकटी निघेल असा. शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लवकर काढलं होतं आणि गोणपाट दोन दिवसांत वाळून लटकत होतं, असं नंतर तिथल्याच माणसांकडून कळलं. पांढरी रेषा तो फिका थर ओलांडून कधीच आत गेली होती. त्या मालकाने स्लॅगचे पैसे मोजले, आणि स्लॅगचा फायदा नको तिथे, पार आत, नेऊन ठेवला.

काही ठिकाणी गोड्या पाण्याची टंचाई म्हणून समुद्राचंच पाणी क्युअरिंगला मारतात. सळईच्या कामात हे कधीही करू नये. काँक्रीट सगळ्यात कोवळं असताना, वाटा सगळ्यात मोकळ्या असताना, आपणच क्लोराइड आत सोडतो. याच कारणाने जमेल तिथे भाग किनाऱ्यावर ओतून, नीट पिकवून मग समुद्रात बसवावेत. जागेवरच ओतणं भाग असेल तर कायमस्वरूपी राहणारं कवच किंवा उशिरा काढायचं शटरिंग वापरून पहिल्या काही आठवड्यांत लाट काँक्रीटला लागणार नाही असं बघावं.

कव्हरच्या जाडीबद्दल एक हिशेब मी आवर्जून करून दाखवते. विसरणाचा दर कायम धरला तर क्लोराइडला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सळई साच्यापासून ठरल्या अंतरावर धरणारा कव्हर ब्लॉक कलंडला आणि ५० मिलिमीटरचे ४० झाले, तर गंज सुरू होईपर्यंतचा काळ ६४ टक्क्यांवर येतो. दर वर्षांगणिक घटत जाणारा धरला तर नुकसान आणखी मोठं: मघाच्या ०.४४ या घातांकाने तो काळ ४५ टक्क्यांच्या आसपास उरतो. कारण उघड आहे. मिश्र सिमेंटचं काँक्रीट उशिरा सर्वांत घट्ट होतं, आणि शेवटचे मिलिमीटरच सर्वांत जास्त वर्षं देतात. ज्या कामावर महागडं मिश्रण वापरलंय तिथे कव्हर ब्लॉकची मोजणी दुप्पट कडक हवी. प्रत्यक्षात चांगलं सिमेंट आणलं म्हणून कव्हरकडे काणाडोळा होताना दिसतो.

वरच्या, कोरड्या भागांना वेगळा न्याय लावावा लागतो. पाण्यापासून लांब, आडोशाला असलेल्या पातळ स्लॅबमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून सळईला वाचवणारा अल्कधर्मीपणा घालवतो, आणि चुना कमी असल्यामुळे मिश्र काँक्रीटमध्ये तो वेगाने पुढे सरकतो. शिंतोड्यांच्या पट्ट्यात काँक्रीट ओलं राहत असल्याने हा त्रास क्वचितच होतो. म्हणून आख्ख्या जेट्टीला एकच मिश्रण हे धोरण मला पटत नाही. उलट भल्यामोठ्या पाइल कॅपमध्ये (पाइलच्या डोक्यांना जोडणाऱ्या ठोकळ्यात) राख किंवा स्लॅग भरपूर घालावा; उष्णता कमी निर्माण होते, भेगा टळतात, आणि आतलं तापमान ७० अंशांवर जाऊन नंतर उद्भवणाऱ्या फुगीचा धोकाही टळतो.

'औद्योगिक टाकाऊ' या एका छत्राखाली वाट्टेल ते येतं, आणि तिथे मी अजिबात सैल सोडत नाही. पाण्याच्या माऱ्याने झटकन थंड केलेला, बारीक दळलेला झोतभट्टीचा स्लॅग वेगळा. तोच हळूहळू थंड झाला तर स्फटिक होतो आणि सिमेंट म्हणून जवळजवळ निरुपयोगी ठरतो. खडी म्हणून वापरा. पोलाद बनवताना निघणारा स्लॅग तर आणखी वेगळा: त्यातला मोकळा चुना नंतर फुगून काँक्रीट फोडू शकतो. फ्लाय अ‍ॅश आणि तळ्यात सोडून दिलेली, भिजलेली राख यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राखेत न जळलेला कोळसा जास्त असेल तर तो मिश्रणातली रसायनं शोषून घेतो आणि स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, हातचा जातो. शहराचा कचरा जाळून उरलेल्या राखेत क्लोराइडच भरपूर असू शकतं. ती सळईच्या काँक्रीटमध्ये घालणं म्हणजे समुद्र आधीच आत आणून बसवणं. दर ट्रकमागे बारीकपणा आणि जळून उडणाऱ्या भागाचं प्रमाण तपासल्याशिवाय माल सायलोत चढू देऊ नये.

पुढच्या काळात माल मिळणं हाच प्रश्न होईल. कोळशाची वीज केंद्रं जिथे बंद होत आहेत तिथे चांगली राख दुर्मीळ व्हायला लागली आहे, आणि चांगल्या स्लॅगला आधीच गिऱ्हाईक ठरलेलं असतं. भाजलेली माती आणि चुनखडी मिळून निम्म्या क्लिंकरची (दळून सिमेंट बनतं त्या भाजलेल्या गोळ्यांची) जागा घेणाऱ्या एलसी३ सिमेंटचे क्लोराइडविषयीचे निकाल उत्साह वाढवणारे आहेत. मी त्याकडे आशेने बघते, फक्त समुद्रात ठेवलेल्या ठोकळ्यांचं वय अजून वाढायला हवं.

सध्या कुणी समुद्रकामासाठी सल्ला विचारला तर माझ्या मसुद्यात काही अटी ठरलेल्याच असतात. शिंतोड्यांच्या पट्ट्यात स्लॅग ५० टक्क्यांच्या वर किंवा राख ३० च्या आसपास. पाणी-बंधक गुणोत्तर (बंधक म्हणजे सिमेंट, राख आणि स्लॅग मिळून) ०.४० च्या आत. क्लोराइडची स्वीकृती चाचणी ९० दिवसांनी, आणि तेवढं थांबायचं नसेल तर आधीच्या चाचणी-मिश्रणावर तिचा संबंध जोडून दिलेला असावा. कव्हर शटरिंग लावण्याआधी आणि काढल्यानंतर, दोन्ही वेळा मोजलेलं. क्युअरिंग निदान १४ दिवस, गोड्या पाण्याने, आणि त्याचं बिल स्वतंत्र बाब म्हणून. ही शेवटची अट खोडली जाते, कारण क्युअरिंग काँक्रीटच्या दरातच धरलेलं असतं असं उत्तर येतं. दरात धरलेल्या कामाचा कुणी हिशेब मागत नाही, म्हणून मी ती परत घालते. ज्या दोन-तीन ठिकाणी ती टिकली तिथे गोणपाट ओलं राहिलं, आणि नंतर काढलेल्या गाभ्यांत बाहेरचा थर आतल्याइतकाच निळसर निघाला.